घाटावरची कोळंबी : सोलापूर परिसरातील एका पदार्थाचा शब्देतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

सोलापूर-पुणे मार्गावर, मोहोळ आणि सोलापूर यांच्या दरम्यान, चिंचोळी हे औद्योगिक क्षेत्र वसले आहे. समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेल्या या कोरड्या मुलखात अलीकडे एक नवा पदार्थ घरोघर दिसू लागला आहे. गोठविलेली सोललेली कोळंबी तव्यावर किंवा जाळीवर झटपट भाजावयाची, एका खोलगट वाडग्यात भात घ्यावयाचा, त्यावर ही कोळंबी, थोडी काकडी व कांदा मांडावयाचा आणि वरून दाट, मऊ, लोण्यासारखे कालवण सोडावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. पाळी संपवून आलेल्या माणसास वीस-पंचवीस मिनिटांत तयार करता येणारे हे जेवण आहे. त्याचे नाव परकीय, पाकीट परकीय वळणाचे आणि भांड्याचे नावही ‘बोल’ असे इंग्रजी. त्यामुळे घाटावरच्या माणसास कोळंबी ठाऊक नव्हती, ती शीतपेटीबरोबर आली, असा समज सहज होतो.

हा समज इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. तो तपासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. तपासाचे मुख्य साधन म्हणजे शब्द. पाकशास्त्रावरील ग्रंथ ज्यांनी लिहिले, त्यांच्या ताटात जे होते तेच त्या ग्रंथांत आले. ज्यांच्या ताटाची नोंद कोणी केली नाही, त्यांच्या अन्नाचा पुरावा बहुधा त्यांच्या बोलीत सापडतो.

प्रथम स्थलनामाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ‘चिंचोळी’ हा शब्द ऐकताच ‘अरुंद’ या अर्थाचे विशेषण आठवते; परंतु गावाच्या नावाचा त्याच्याशी संबंध नाही. चिंचोली, चिंचोळी, चिंचवली ही महाराष्ट्रात विपुल आढळणारी नावे चिंचेच्या झाडावरून पडलेली आहेत. चिंच हे पश्चिम किनाऱ्यापासून आंध्रापर्यंत माशाच्या कालवणातील आंबटपणाचे एक प्रमुख साधन असल्यामुळे हे नाव प्रस्तुत विषयास अगदीच परके नाही, एवढे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

२. एका प्राण्याची अनेक नावे

किनाऱ्यावरील मराठीत या प्राण्यास एकच नाव नाही. मोठी ती कोळंबी, लहान ती करंदी, अगदी बारीक तो जवळा. सोलून वाळविली की ते सोडे. दक्षिण कोकणात व गोव्यात सुंगट हा शब्द चालतो. जवळा हा शास्त्रीय वर्गीकरणात ‘असिटिस’ या प्रजातीतील (genus) एक निराळाच प्राणी आहे, आणि तो डोल जाळ्यात सापडतो. म्हणजे कोळ्यांच्या भाषेतील भेद केवळ आकाराचे नाहीत. त्यांत जात, जाळे आणि प्रक्रिया या तिन्हींचे ज्ञान साठविलेले आहे. सोडे हा शब्द तर प्राण्याची जात मुळीच सांगत नाही, त्याच्यावर झालेले काम सांगतो.

घाट चढून वर आले की हा शब्दसंग्रह आकसतो. देशावर झिंगा हा सर्वसामान्य शब्द उरतो आणि त्याच्या शेजारी एक दुसरा, अधिक महत्त्वाचा शब्द दिसतो, तो म्हणजे सुकट. ‘सुकट-बोंबील’ ही जोडी आठवडे बाजारात ज्याने ऐकली नाही असा माणूस देशावर विरळा. सुकट हा शब्द ‘सुका’ या विशेषणापासून सिद्ध झाला आहे, आणि सुका हा प्राकृत ‘सुक्क’, संस्कृत ‘शुष्क’ या परंपरेतील आहे. जवळा हे प्राण्याचे नाव आहे. सुकट हे अवस्थेचे नाव आहे. किनाऱ्यावरच्या माणसास ओला जवळा आणि सुका जवळा असा भेद करावा लागतो, कारण दोन्ही त्याच्या समोर असतात. देशावरच्या माणसास तो करावा लागला नाही. त्याच्यापर्यंत ती वस्तू वाळूनच येत असे. म्हणून वाळलेपण हेच तिचे नाव झाले. एखाद्या वस्तूच्या वाहतुकीचा इतिहास तिच्या नावात इतक्या स्पष्टपणे उमटल्याची उदाहरणे थोडी आहेत.

सोलापूर हे बहुभाषिक नगर असल्यामुळे या निष्कर्षास शेजारच्या भाषांचा आधार मिळतो. विणकामासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या तेलुगूत कोळंबीस ‘रोय्यलु’ म्हणतात आणि वाळविलेलीस ‘एंडु रोय्यलु’. कन्नडमध्ये ‘सीगडी’ आणि वाळलेली ती ‘ओण सीगडी’. दखनी बोलणाऱ्यांचा शब्द ‘झींगा’. पूर्वेकडे बंगालीत ‘चिंगडी’ व ओडियात ‘चिंगुडी’ हे शब्द आहेत आणि संस्कृत कोशांत ‘चिंगट’ हा शब्द मिळतो. एका शहराच्या एकाच बाजारात एका वस्तूस आर्य आणि द्राविड अशा दोन्ही भाषाकुलांतील नावे असणे याचा अर्थ असा की, त्या वस्तूचे ग्राहक कोणत्याही एका समाजापुरते मर्यादित नव्हते.

येथे एका मोहक परंतु फसव्या साम्याचा उल्लेख करावयास हवा. कन्नड ‘सीगडी’ म्हणजे कोळंबी; मराठी ‘शेगडी’ आणि हिंदी ‘सिगडी’ म्हणजे निखाऱ्यांचे पात्र. शेगडीवर भाजलेली सीगडी असा योग पाहून दोन शब्दांचे नाते जोडण्याचा मोह होईल. परंतु शेगडीचा पूर्वज ‘अंगारशकटी’, म्हणजे निखाऱ्यांची गाडी, या संस्कृत शब्दाकडे जातो, तर सीगडी हा द्राविड शब्द आहे. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये, या नियमाचे विद्यार्थ्यांस देण्याजोगे हे चांगले उदाहरण आहे.

३. कल्याणीच्या राजाचे ताट

देशावर मत्स्याहाराची परंपरा केवळ श्रमिकांच्या बाजारापुरती होती असेही नाही. सोलापूरच्या पूर्वेस, आज कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात असलेले कल्याण हे उत्तरकालीन चालुक्यांचे राजधानीचे नगर होते. तेथील तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील मत्स्यविनोद या प्रकरणात माशांचे प्रकार, त्यांचे निवासस्थान आणि त्यांना गळाला लावण्याची आमिषे यांचे वर्णन आहे. अन्नभोगात मांस व मासे शिजविण्याच्या रीती आल्या आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या मत्स्यविनोदाचे शास्त्रीय दृष्टीने परीक्षण केले, त्यामुळे हे प्रकरण प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांसही परिचित झाले.

मराठीच्या अभ्यासकास मानसोल्लास दुसऱ्या कारणाने ठाऊक असतो. त्याच्या गीतविनोदात प्राचीन मराठीचे नमुने आले आहेत, आणि त्यांतील एका पदाचा आरंभ विष्णूच्या मत्स्यरूपाच्या स्तुतीने होतो. ज्या ग्रंथाने मासा गळाला कसा लावावा आणि कसा रांधावा हे सांगितले, त्याच ग्रंथाने मत्स्यावताराची मराठी स्तुती जपली. बाराव्या शतकातील दख्खनच्या राजसभेस यात विसंगती वाटली नाही.

याच प्रदेशात, सीना आणि भीमा यांच्या संगमावर, हत्तरसंग-कुडल येथे शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८, चा मराठी लेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्यामुळे तो प्रकाशात आला. चिंचोळीजवळ लांबोटी येथे महामार्ग जी नदी ओलांडतो ती हीच सीना. मराठीचा जुना लेखी पुरावा नद्यांच्या संगमावर मिळावा, आणि तो भाग कन्नड व मराठी यांच्या सरमिसळीचा असावा, यावरून एवढे लक्षात यावे की, या कोरड्या म्हटल्या जाणाऱ्या मुलखाची संस्कृतीही नद्यांच्या काठीच वाढली. जेथे नदी तेथे भोई, कोळी आणि त्यांची जाळी असणे स्वाभाविक होते.

४. नदी, घाट आणि रेल्वे

घाटावर कोळंबी येण्याचे तीन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग नदीचा. गोड्या पाण्यातील कोळंबीच्या काही लहान जाती नदीतच जन्मतात व तेथेच वाढतात. मोठ्या जातींची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या अळ्यांना वाढीसाठी मचूळ पाणी लागते. म्हणून मादी खाडीकडे उतरते आणि पिले पुन्हा प्रवाहाविरुद्ध वर चढतात. भीमा कृष्णेस मिळते आणि कृष्णा पूर्व समुद्रास. म्हणजे भीमेच्या खोऱ्यातील अशा कोळंबीचे माहेर बंगालच्या उपसागराच्या काठी मानावे लागेल, अरबी समुद्राच्या काठी नव्हे. कृष्णेवर विजयवाडा येथे १८५५ मध्ये बंधारा झाला, १९६७ मध्ये नागार्जुनसागर झाले आणि भीमेवर १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. धरणांनी शेतीस पाणी दिले. त्याच धरणांनी पिलांची वर चढण्याची वाट बंद केली. आज एखाद्या जलाशयात मोठी गोडी कोळंबी वाढवावयाची तर पिले बीजकेंद्रातून आणून सोडावी लागतात. नदी आपल्या बळावर ती आणू शकत नाही.

दुसरा मार्ग घाटांचा. कोकणातून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर चढे व देशावरचे धान्य खाली उतरे. ओली मासळी या प्रवासात टिकणे शक्य नव्हते. वाळविल्याने वजन घटते, नासण्याची भीती कमी होते आणि थोड्या जागेत पुष्कळ माल मावतो. सुकट हा शब्द या बैलांच्या वाटेचा साक्षी आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबर चिमूटभर भाजलेली सुकट, हिरवी मिरची, लसूण आणि मीठ एवढ्यावर कष्टकऱ्याचे जेवण भागे. कोरडवाहू शेतीच्या प्रदेशात स्वस्त व टिकाऊ प्रथिनांचे हे एक साधन होते, ही गोष्ट आहाराच्या इतिहासात नोंदण्यासारखी आहे.

तिसरा मार्ग लोहमार्गाचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापुरास पोहोचली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ खुला झाल्यावर मुंबई व सोलापूर सलग जोडली गेली. त्यानंतर १८७७ मध्ये सोलापुरात कापडाची गिरणी सुरू झाली आणि गिरणीभोवती नाना भाषांचा श्रमिकवर्ग गोळा झाला. बैलांच्या तांड्यास जे अंतर पार करण्यास अनेक दिवस लागत, ते आता तासांवर आले. रेल्वेने सुकटीस हटविले नाही. तिचा बाजार वाढविला.

५. भाजणे आणि दाट रस

नव्या पदार्थाची दोन अंगे आहेत : भाजलेली कोळंबी आणि तिच्यावरचे दाट कालवण. दोन्हींचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

मराठीत ‘भाजणे’ या एका क्रियापदाने कोरड्या उष्णतेच्या अनेक क्रिया व्यक्त होतात. निखाऱ्यावरचे वांगे भाजतात, तव्यावरची भाकरी भाजतात, कढईतले दाणेही भाजतात. हे क्रियापद संस्कृत ‘भृज्ज्’ या धातूच्या परिवारातील आहे. सुळावर भाजलेल्या मांसास संस्कृतात ‘भटित्र’ असा स्वतंत्र शब्द होता. पाठारे प्रभू व वसई भागातील समाजांत ‘भुजणे’ हा कोळंबीचा व मासळीचा प्रकार प्रसिद्ध आहे. त्यात तेल, लसूण, मिरची व कोथिंबीर यांसह मंद आचेवर आपल्याच रसात मासळी शिजते. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० मधील ‘गृहिणीमित्र’ या ग्रंथाने प्रभुसमाजाची पाकपरंपरा छापील मराठीत आणली. गोव्याची ‘किसमूर’ तर नव्या पदार्थाची जवळची पूर्वज म्हणावी अशी आहे. वाळलेली सुंगटे भाजावयाची, त्यांत खवलेला नारळ, कांदा, मिरची व आंबटाचा अंश मिसळावयाचा आणि भातावर घ्यावयाची. भाजलेली कोळंबी, नारळाचा स्निग्धपणा, खाली भात आणि अल्प वेळ हे चारही घटक येथे उपस्थित आहेत.

दाट कालवणाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सव्विसाव्या अध्यायात, मासे व दूध एकत्र खाणे हे विरुद्ध अन्नात गणले आहे. हा निषेध महाराष्ट्रातील घराघरांत आजीच्या तोंडी आजही ऐकू येतो. पाश्चात्त्य स्वयंपाकात माशावर सायीचे कालवण घालतात, तसे आपल्याकडे रूढ झाले नाही, याचे हे एक कारण असावे. परंतु जिभेस दाटपणा हवाच होता. किनाऱ्याने तो नारळातून मिळविला. पहिला जाड रस व मागाहूनचा पातळ रस असा भेद करून कालवण घट्ट करण्याची रीत सर्व किनारी समाजांत आहे. बंगालमध्येही चिंगडीच्या मलई-करीत नारळाचाच रस असतो. या रसास ‘नारळाचे दूध’ म्हणतात, हे येथे अर्थपूर्ण आहे : शब्दाने दूध आले, वस्तूने आले नाही, आणि निषेधही मोडला नाही.

सोलापूर परिसरात नारळ बाहेरून येणार. म्हणून येथे दाटपणाचे काम शेंगदाण्याने केले. भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक. ‘भुईमूग’ हे मराठी नाव पाहता, परके पीक ओळखीच्या मुगाच्या नावाने घरात घेतले गेल्याचे स्पष्ट होते. सोलापूरची शेंगा चटणी सर्वश्रुत आहे, आणि ‘शेंगा’ हा शब्द येथे मराठी व कन्नड या दोन्हींस समान आहे. दाण्याचे कूट पाण्यात कालवून उकळले की आमटीस जो लोण्यासारखा दाटपणा येतो, तो कोकणातील नारळाच्या रसाचा देशावरील पर्याय होय. नव्या वाडग्यात तयार अंडयातील किंवा बिनअंड्याच्या मेयोनीजऐवजी भाजलेल्या दाण्याचे बारीक कूट, लसूण, लाल तिखट, लिंबू व थोडे कोमट पाणी घोटून घातले, तर तो बदल परंपरेस धरूनच होईल.

उसनवारीचे एक जुने उदाहरणही येथे उपयोगी पडते. गोव्यातील कोळंबीचे ‘बाल्शांव’ हे पोर्तुगीज नाव मानले जाते; परंतु त्याचे मूळ कोळंबीच्या आंबविलेल्या लगद्यास असलेल्या ‘बलाचान’ या मलायी शब्दात आहे. मलाया, पोर्तुगीज, कोकणी असा त्या शब्दाचा प्रवास आहे. आज ‘बोल’ जसा परका वाटतो, तसा एके काळी बाल्शांवही परकाच होता.

६. नवी कोळंबी आणि जुना मार्ग

गोठविलेल्या कोळंबीची निर्यात भारतातून १९५३ मध्ये कोचीन येथून सुरू झाली. प्रथम समुद्रातील, मग तळ्यात वाढविलेली कोळंबी परदेशी जाऊ लागली. पॅसिफिक महासागराच्या अमेरिकेकडील किनाऱ्यावरील ‘व्हेनामी’ या जातीच्या संवर्धनास २००९ मध्ये भारतात रीतसर मुभा मिळाली आणि थोड्याच वर्षांत तिने तळी व्यापली. आंध्र प्रदेश हे या संवर्धनातील अग्रगण्य राज्य आहे.

चिंचोळीच्या दारावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ पुण्याहून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा असा मच्छलीपट्टणास संपतो. तो प्राचीन कल्याणाच्या जवळून जातो आणि कृष्णेच्या मुखाशी, कोळंबीच्या तळ्यांच्या प्रदेशात, समुद्रास भिडतो. भीमेचे पाणीही अखेर तेथेच जाते. धरणांनी जी वाट कोळंबीस बंद केली, तिला जवळजवळ समांतर अशी दुसरी वाट आता डांबरी रस्त्याने उपलब्ध झाली आहे.

पदार्थाची कृती सोपी असली तरी तिच्यात एक शाब्दिक विवेक दडलेला आहे. गोठविलेली कोळंबी शीतपेटीच्या खालच्या कप्प्यात किंवा थंड पाण्यात सुटी करून फडक्याने नीट टिपून घ्यावी लागते. ती ओली राहिली तर तव्यावर पाणी सुटते आणि कोळंबी ‘भाजत’ नाही, ‘शिजते’. मीठ, हळद, तिखट व लसूण लावून, चांगल्या तापलेल्या तव्यावर, प्रत्येक बाजूस सुमारे दोन मिनिटे पुरेशी होतात. कच्च्या कोळंबीतील तांबडे रंगद्रव्य प्रथिनाशी बद्ध असल्यामुळे करडे दिसते; उष्णतेने ते बंधन तुटते व तांबूस रंग प्रकट होतो. कोळंबी चंद्रकोरीइतकी वळली की झाली. पूर्ण वेटोळे झाले तर ती चिवट झाली असे समजावे. लिंबू व कालवण आच बंद केल्यावरच घालावे.

‘बोल’ या नावाविषयी बोलावयाचे तर पात्राचे नाव अन्नास देणे ही मराठीस मुळीच नवी गोष्ट नाही. थाळी हे भांडे होते, ते जेवणाचे नाव झाले, हंडीचेही तसेच. जपानी भाषेत ‘दोनबुरी’ हा शब्द खोल वाडगा आणि त्यातील भाताचे जेवण या दोन्ही अर्थांनी चालतो. ‘वाडगा’ हा शब्द मराठीत सिद्ध असताना ‘बोल’ रूढ झाला, याचे कारण अर्थाच्या उणिवेत नाही, प्रतिष्ठेत आहे.

७. उपसंहार

हा प्रतिष्ठेचा मुद्दाच या विषयाचे खरे मर्म आहे. देशावरच्या भाषेत आज एकाच प्राणिसमूहाच्या नावांची उतरंड लागलेली दिसते. उपाहारगृहाच्या पत्रकावर ‘प्रॉन्स’, घरात ‘कोळंबी’, बाजारात ‘झिंगा’ आणि सर्वांत खाली ‘सुकट’. ही उतरंड प्राण्याच्या जातीची नाही, खाणाऱ्याच्या दर्जाची आहे. गोठविलेल्या कोळंबीस वास कमी. म्हणून ती भाड्याच्या खोलीतही निर्वेधपणे शिजते. सुकट तव्यावर पडली की तिचा वास भिंत ओलांडतो आणि त्या वासावरून शेजारी माणसाची पायरी ठरवितात. त्यामुळे औद्योगिक वसाहतीत आलेला खेडुताचा मुलगा नव्या वाडग्याचे छायाचित्र अभिमानाने दाखवील, परंतु आईने बांधून दिलेल्या सुकटीच्या पुडीचा उल्लेख टाळील. नवा पदार्थ सोलापुरात कोळंबी घेऊन आला नाही. कोळंबी येथे होतीच. त्याने तिचा वास आणि तिचे नाव तेवढे बदलले.

या बदलात दोष शोधण्याचे कारण नाही. श्रमलेल्या माणसास झटपट, ताजे आणि रुचकर अन्न मिळावे, यात समाजाचे हितच आहे. मात्र अभ्यासकाचे कर्तव्य निराळे आहे. पाककृतींच्या ग्रंथांवरून घाटावरच्या आहाराचा इतिहास लिहावयास घेतला तर सुकट त्यात क्वचितच सापडेल, आणि मग या प्रदेशाने कोळंबी अलीकडेच पाहिली असा निष्कर्ष निघेल. शब्द गोळा केले तर निष्कर्ष उलटा येतो. सीनाकाठच्या भोयांची जाळ्यांची व झिंग्यांच्या प्रकारांची नावे, सोलापूरच्या तेलुगू व कन्नड घरांतील वाळल्या कोळंबीच्या पदार्थांची नावे, आठवडे बाजारात सुकट विकणाऱ्या स्त्रियांची मापे व प्रतवारीचे शब्द, हे सर्व अद्याप बोलीत जिवंत आहे. ते बोलणारी पिढी वृद्ध होत आहे. धरणामागे जशी नदीची कोळंबी राहिली नाही, तसे हे शब्दही राहणार नाहीत. सोलापूर परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वहीपेन्सिल घेऊन बाजाराच्या दिवशी बाहेर पडावे, इतके हे काम निकडीचे आहे आणि इतके ते जवळचेही आहे.